जानेवारीचा चौकोन

मुलांनो, डोळे उघडेच ठेवा, पण मनातल्या मनात एक लांबलचक पत्र्याची शेड उभी करा. आत दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या आणि फळ्यांवर गणपती. दहा-वीस नव्हेत, आठशे-नऊशे. कुणाचं पितांबर रंगवून झालंय, कुणाचा मुकुट अजून पांढराच आहे. डोळे मात्र एकालाही नाहीत. तुम्ही मधल्या वाटेनं चालताय, सगळ्यांची तोंडं तुमच्याकडे वळलेली आहेत आणि बघत मात्र एकही नाही. कसं वाटेल?

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझी पावलं आपोआप भरभर पडायला लागली होती. माझ्या पुढे चालणारी रुचिता वळून हसली होती.

"बाई, घाबरू नका. डोळे शेवटी काढतात. आधी काढले तर ते सगळं बघत बसतील ना!"

रुचिता घरत माझ्या पाचवीच्या वर्गात होती. पेणजवळच्या एका गावात तिच्या वडिलांचा, हसुराम घरतांचा, गणपतींचा कारखाना होता. आमच्याकडे मूर्ती घडवतात त्या शेडला कारखानाच म्हणतात. बारा-तेरा वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, तो कारखाना त्या जागेवर राहणार की उठणार हे ठरायचं होतं. त्या आठ दिवसांची ही गोष्ट आहे.

बुधवारी संध्याकाळी शाळा सुटली, मी खडू गोळा करत होते, तेवढ्यात हसुराम दारात आले. हाताच्या कोपरापर्यंत प्लास्टर वाळलेलं. हातात एक कागदाची घडी, तीही पांढऱ्या बोटांच्या ठशांनी माखलेली.

"टिपणीस बाई, जरा वाचून दाखवा. सगळा इंग्रजीत हाय."

"कसला कागद?"

"बँकेनं दिलाय. जागेसाठी कर्ज मागितलं होतं. साहेब म्हणाले, तुमचा अहवाल बरोबर नाय, आधी हा बघा. म्हणजे काय, मी आजारी हाय काय?"

रुचिता दप्तर पाठीवर घेऊन बाकाशी उभी होती. वडिलांना बघून ती पुढे आली नाही, हे मला तेव्हाही दिसलं होतं, पण मुलं कधीकधी अशी उभी राहतात.

शेडखालची जागा घरतांची नव्हती. मालक ठाकूरशेठ, त्यांनी जागा विकायला काढली होती. गोडाऊन बांधणारा एक माणूस पैसे घेऊन तयार होता. "तुझे आजोबा इथे बसले म्हणून तुला पाडव्यापर्यंत थांबतो," असं शेठनी हसुरामांना सांगितलं होतं. पाडव्याला एकोणीस दिवस उरले होते.

मी कागद उलगडला. माणसानं पूर्वी घेतलेल्या कर्जाचे हप्ते कसे फेडले, वेळेवर की उशिरा, याची ती नोंद होती. खाली छोटे छोटे चौकोन. एकेका महिन्याला एकेक.

मला सवय वाईट. समोर कागद आला आणि जवळ मूल असलं की मला शिकवल्याशिवाय राहवत नाही.

"रुचिता, ये इकडे. फळ्यावर चौकोन काढ. एका ओळीत बारा, अशा तीन ओळी. किती झाले?"

"छत्तीस," ती म्हणाली.

"मागच्या छत्तीस महिन्यांचे चौकोन आहेत हे. ज्या महिन्याचा हप्ता वेळेवर गेला तिथे शून्य लिही. उशीर झाला तिथे महिनाअखेरपर्यंत किती दिवसांचा, तो आकडा. मी सांगते, तू लिही."

पहिल्या ओळीत एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत उशीर होता. तीस, साठ, नव्वद, असे चढत जाणारे आकडे. सप्टेंबरला परत शून्य. दुसऱ्या ओळीत तसंच, एप्रिल ते ऑगस्ट.

हसुराम फळ्याकडे बघत होते. "पन हे सगळं मी भरलंय बाई! गणपती झाल्यावर, दंडासकट! पावत्या हायेत घरी."

"भरलंत, पण उशिरा भरलंत."

"आमचा धंदाच तसा ना! पावसाळ्याआधी आमच्याकडे मूर्ती असतात, पैसा कुठे असतो? प्लास्टरवाला, रंगवाला, काथ्यावाला, सगळे थांबतात. अनंत चतुर्दशी झाली की एका दिवसात सगळ्यांचं देऊन टाकायचं. माझ्या आज्यापासून असंच चाललंय. कोनाचा रुपाया बुडवला नाय. रंगवाला तर मना पेढे देतो!"

"बँक पेढे देत नाही, हसुराम."

"ते कळलं हो. आधीचे साहेब ओरडले, तेव्हाच कळलं. म्हणून तर गेल्या साली व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे घेतले, मूर्तीमागे वीस रुपये कमी करून. पन एक हप्ता चुकवला नाय. बघा तुम्ही, तिसरी ओळ बघा."

मी तिसरी ओळ वाचायला लागले. मार्च, शून्य. एप्रिल, शून्य. मे, जून, जुलै, ऑगस्ट. रुचिता शून्यं काढत होती आणि हसुराम प्रत्येक शून्याला मान डोलावत होते. सप्टेंबर. ऑक्टोबर. नोव्हेंबर. डिसेंबर.

"जानेवारी," मी म्हटलं, "अकरा."

खडू थांबला.

"किती?" हसुराम म्हणाले.

"अकरा दिवस."

"शक्य नाय. हप्ता वीस तारखेला. वीस तारखेला सकाळी पैसे मोजून घरातून निघालेत. ही चूक बँकेची हाय!"

"रुचिता, लिही ना."

तिनं अकरा लिहिले. गणपतीच्या भुवया एका दमात ओढणारी मुलगी ती, तिचे दोन एक एकमेकांपासून लांब आणि वाकडे पडले. मला वाटलं, वडिलांचा आवाज चढला म्हणून.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी हसुरामांबरोबर बँकेत गेले. कागद इंग्रजीत, त्यामुळे त्यांना मी हवी होते. मॅनेजर बागवे साहेब, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे.

"हे बघा घरत," ते म्हणाले, "पहिल्या दोन ओळींचं मी वर कळवू शकतो. हंगामी धंदा आहे, सगळं फेडलंय, हे दिसतंय. पण आमचा नियम आहे, शेवटचे बारा महिने तरी स्वच्छ पाहिजेत. तुमच्या बारांत हा एक बसलाय."

"तो चुकून बसलाय. पुसून टाका."

"मी पुसू शकत नाही. कुणीच पुसू शकत नाही, चूक सिद्ध झाल्याशिवाय."

"दंड घ्या. डबल घ्या!"

"दंड भरल्यानं थकबाकी मिटते, घरत. उशीर झाला होता ही गोष्ट मिटत नाही."

"मग किती दिवस राहतो हा?" मी विचारलं.

बागव्यांनी टेबलावरची पट्टी घेतली आणि कागदावर तिसऱ्या ओळीखाली धरली. "या अहवालात छत्तीस महिने दिसतात. दर महिन्याला पुढून एक नवा चौकोन येतो आणि मागून सगळ्यात जुना बाहेर पडतो. हा जानेवारी असाच सरकत सरकत बाहेर जाईल. तीन वर्षांनी. त्याला हाकलायचा दुसरा मार्ग नाही, पुढचे चौकोन चांगले येऊ द्यायचे."

"तीन वर्षं! आणि पाडवा सोळा दिवसांवर!" हसुराम उठले आणि थेट काउंटरच्या जाळीशी गेले. आत चेतन नावाचा नवा कॅशियर बसायचा. चोवीस-पंचवीसचा, नुकताच लागलेला.

"माझी मुलगी पैसे घेऊन आली होती वीस तारखेला. तुम्ही ठेवून घेतलेत आनि नंतर जमा केलेत. होय की नाय?"

चेतन गोंधळला. "काका, पैसे हातात येतात त्याच दिवसाचा शिक्का पावतीवर पडतो. पावती आणा ना तुमची. पावतीवर वीस असेल तर माझी नोकरी घ्या."

"घेतोच! लेखी तक्रार देतो वर. मंगळवारी."

रांगेतली माणसं बघायला लागली. मी हसुरामांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं.

"पैसे रुचितानं भरले होते?" मी रस्त्यात विचारलं.

"मग? माघी गणपतीची घाई. मी टेम्पो घेऊन मुंबईला, बारा दिवस तिकडेच. तिची आई भारती रात्रंदिवस रंगात. पोरगी हुशार हाय, बँक तिच्या शाळेच्या वाटेवर. आलो तेव्हा पहिलं विचारलं, हप्ता भरलास? हो म्हणाली. माझी पोर खोटं नाय बोलत, बाई."

"पावती?"

"शोधतोय. सापडत नाय तिला."

त्या रात्री मी जेवायला बसले आणि उठले. ताटात काय होतं आठवत नाही. रुचिता खोटं बोलणारी नव्हती, हे मलाही माहीत होतं. चेतनचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. दोघं खरं बोलत असतील तर अकरा दिवस गेले कुठे? मी शाळेतून घरी आणलेला हजेरीपट काढला. का काढला, सांगता येणार नाही. वाटलं, त्या दिवसांत मुलगी आजारी असेल, गैरहजर असेल.

गैरहजर नव्हती. एकही दिवस नाही.

आता माझ्या हजेरीपटाबद्दल सांगायला हवं. साडेदहाला घंटा व्हायची. घंटेनंतर जो येईल त्याच्या नावापुढच्या चौकोनात मी लाल पेन्सिलीनं फुली मारायची. पाच फुल्या झाल्या की घरी चिठ्ठी. तालुक्यात माझा वर्ग वेळेचा पक्का म्हणून ओळखला जायचा आणि मला ते आवडायचं. रुचिताच्या नावापुढे दर महिन्याला चार-पाच फुल्या ठरलेल्या. कारखान्यातली मुलगी, सकाळी मूर्ती उन्हात ठेवायच्या, दुपारच्या आधी फिरवायच्या. डिसेंबरमध्ये तर सात होत्या.

जानेवारीत एकही नव्हती. मी ती ओळ बोटानं दोनदा तपासली. मग मला आठवलं आणि मी खूश झाले. त्याच महिन्यासाठी तर मी बक्षीस लावलं होतं. जानेवारीभर ज्याला एकही लाल फुली नाही, त्याला कंपासपेटी. वर्गात एकटी रुचिता जिंकली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

खूश झाले आणि हजेरीपट मिटला. इतकी मी हुशार.

रविवारी होळी होती. गावात पोरं लाकडं ओढत होती, ढोल बडवून बघत होती. मी दुपारी कारखान्यात गेले. हसुराम फळ्यांच्या मागे कागद उपसत होते, पावती शोधत. भारती म्हणजे रुचिताची आई हातातला ब्रश न सोडता म्हणाली, "बाई, सांगा यांना काहीतरी. तीन दिवस झोप नाय. तक्रार टाईप करून आणलीये. त्या पोराची नोकरी जाईल हो."

"जाऊ दे," फळीमागून आवाज आला. "माझा कारखाना जातोय ते?"

रुचिता टोकाला, खिडकीखाली बसली होती. पुढ्यात बोटभर उंचीचा शाडूचा गणपती. मोठ्या मूर्तींचे डोळे भारती काढायची, त्या कामाला आखणी म्हणतात. ती सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात अवघड. लहान मूर्ती रुचिताला सरावाला मिळायच्या. मी शेजारी पाटावर बसले.

तिनं बारीक ब्रश काळ्यात बुडवला, डावा डोळा काढला. उजवा काढताना हात घसरला. रेघ गालावर आली. तिनं ओल्या बोटानं पुसली, तर गाल काळा झाला. आणखी पुसली, आणखी पसरली.

"राहू दे," मी म्हटलं. "वाळल्यावर पांढरा लावू त्यावर."

ती मूर्तीकडेच बघत म्हणाली, "बाई, तुमच्या हजेरीपटातली लाल फुली किती दिवस राहते?"

"वर्षभर. नवं वर्ष सुरू झालं की नवा हजेरीपट."

"आणि जुना?"

"कपाटात."

"म्हणजे राहतेच."

"कोण बघतंय जुना हजेरीपट?"

"तुम्ही बघता. मोनाली पाटीलला तुम्ही म्हणालात ना, तुझी ताईसुद्धा अशीच उशिरा यायची, फुल्या आहेत माझ्याकडे."

मी म्हटलं होतं. हसत म्हटलं होतं.

रुचितानं ब्रश पाण्यात ठेवला. उठली, दप्तर घेऊन आली आणि त्यातून कंपासपेटी काढली. नवी कोरी, वरच्या कागदी चित्रासकट. कंपासमधलं कर्कटक अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं. तिनं आतला पत्र्याचा कप्पा उचलला. कप्प्याखाली घडी घातलेली पावती होती.

मी उघडली. शिक्का एक फेब्रुवारीचा होता.

मी फळ्यांकडे बघितलं. हसुराम अजून मागेच होते.

"वीस तारखेला गेले होते मी," ती अगदी हळू बोलत होती. "दहाला बँक उघडते. माझ्यापुढे लई माणसं होती. पेन्शनवाली. मोठ्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली तेव्हा सहा जण राहिले होते. मी थांबले असते तर घंटा झाली असती. मग मी पळत शाळेत आले. दुसऱ्या दिवशी परत गेले. परत तसंच. रोज गेले बाई, खरंच रोज. शाळा सुटली की तोपर्यंत बँक बंद."

"शनिवारी? शनिवारी तर अकराला सुटतो आपण."

"त्या शनिवारी सव्वीस जानेवारीची कवायत होती. तुम्ही एकपर्यंत थांबवलं होतं."

होळीचा ढोल बाहेर थांबला होता. कुणीतरी हाका मारत होतं.

"पैसे कुठे ठेवायचीस?"

"दप्तरात. भूगोलाच्या पुस्तकात. मधल्या सुट्टीत मी बाहेरच जात नव्हते, कुणी घेईल म्हणून. मग पुढच्या शनिवारी तुम्ही कंपासपेटी दिलीत आणि सुटल्यावर मी पैसे भरले. चेतनदादा म्हणाले, थोडा दंड पडेल. माझ्याकडे खाऊचे होते, ते दिले." तिनं श्वास घेतला. "मला वाटलं, दंड दिला की झालं. पप्पा तसंच म्हणतात."

तिनं कंपासपेटी माझ्या मांडीवर ठेवली.

"ही माझी नाही, बाई."

मी पेटी हातात घेतली. समोर तो एका डोळ्याचा गणपती माझ्याकडे बघत होता.

"पप्पांना कोण सांगणार?" मी म्हटलं. "मी सांगू?"

तिनं नकारार्थी मान हलवली आणि उठली. फळ्यांच्या मधल्या वाटेनं चालत गेली. मी मागे गेले, पण चार पावलं अंतर ठेवून.

हसुरामांनी पावती वाचली. आधी आनंदानं, सापडली म्हणून. मग तारीख वाचली.

"हे काय?"

तिनं सगळं सांगितलं. मला सांगितलं तसंच, कमी न करता.

"मग मी विचारलं तेव्हा हो कशाला म्हनालीस?"

"तुम्ही विचारलंत, हप्ता भरलास? मी भरला होता. कधी भरला ते नाही विचारलंत."

हसुरामांचा हात वर गेला. भारती पुढे धावली. तो हात वरच्या फळीला जाऊन टेकला आणि तिथेच राहिला. फळीवरचे गणपती हलले.

"एका फुलीसाठी," ते म्हणाले. "बाई, हिला सांगा काहीतरी. एका लाल फुलीसाठी हिनं आज्याची जागा घालवली."

"फुली मी मारते, हसुराम," मी म्हटलं. "बक्षीसही मीच लावलं होतं."

त्यांनी खिशातून टाईप केलेली तक्रार काढली, चार तुकडे केले आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकले. संध्याकाळी होळी पेटली तेव्हा घरतांच्या घरचा नारळ भारती एकटीच घेऊन गेली.

मंगळवारी आम्ही चौघं बँकेत गेलो. रुचितानं रात्री अर्ज लिहिला होता, वहीच्या पानावर, समास सोडून. "माझ्या वडिलांनी पैसे वेळेवर दिले होते. उशीर माझा आहे. चेतनदादांची चूक नाही." खाली सही, इयत्ता आणि हजेरी क्रमांक. त्याच्याखाली मी दोन ओळी लिहिल्या, उशीर का झाला त्याच्या, आणि माझी सही केली. शाळेचा शिक्का मारला. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, हे शाळेचं काम आहे का?" मी म्हटलं, "आहे."

बागवे साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली घेऊन अर्ज वाचला. दोनदा वाचला.

"चौकोन राहणार," ते म्हणाले. "हे तुला आत्ताच सांगतो. कारण काहीही असलं तरी अकरा दिवस अकरा दिवसच."

"माहितीये," रुचिता म्हणाली. "मी आठवीत जाईपर्यंत."

"कसं काढलंस?"

"आत्ता पाचवी. पुढचा जानेवारी सहावीत, मग सातवीत, मग आठवीत. तेव्हा छत्तीस होतील. मग तो बाहेर पडेल."

"बरोबर. मी हे पत्र माझ्या शिफारशीबरोबर वर पाठवतो. होईल असं म्हणत नाही. पण एक ऐक. या मधल्या दिवसांत आणखी एक चौकोन बिघडला तर माझ्या शिफारशीला काही अर्थ राहणार नाही. येत्या वीसला हप्ता आहे. परवा."

"मी स्वतः येतो," हसुराम म्हणाले.

"मी येते," रुचिता म्हणाली. हसुरामांनी तिच्याकडे बघितलं. रविवारपासून पहिल्यांदा.

बाहेर पडताना ती काउंटरशी थांबली. टाचा उंच करून जाळीतून म्हणाली, "चेतनदादा, सॉरी." तो नोटा मोजत होता. त्याचा आकडा चुकला, आणि तो हसून पहिल्यापासून मोजायला लागला.

जागेचं काय झालं ते सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मला झोपू देणार नाही. कर्ज मंजूर झालं, पण मागितलं होतं त्याच्या निम्मं, आणि पाडव्यानंतर नऊ दिवसांनी. ठाकूरशेठ कुरकुरले, पण थांबले. त्यांनी अर्धी जागा घरतांना दिली, अर्धी गोडाऊनवाल्याला. आजही तिथे शेड आहे, आखूड झालेली, आणि तिच्या भिंतीला लागून गोडाऊनची भिंत आहे. मूर्ती दाटीवाटीनं ठेवतात. मधल्या वाटेनं आता एका वेळी एकच माणूस जातो.

पण हे सगळं पुढचं. तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या गुरुवारी, वीस तारखेला, मी सकाळपासून घड्याळ बघत होते. साडेदहाला घंटा झाली, प्रार्थना झाली. मी हजेरी घेतली. रुचिताच्या नावाशी थांबले आणि तो चौकोन रिकामा ठेवून पुढे गेले. लाल पेन्सिल टेबलावरच होती, मी तिला हात लावला नव्हता. फळ्यावर अपूर्णांक मांडले आणि चुकीचे मांडले. मोनाली पाटीलनं चूक दाखवली.

अकराला दहा कमी असताना दारात सावली पडली. रुचिता धापा टाकत उभी होती. कपाळावर घाम, वेणी सुटलेली.

"आत येऊ, बाई?"

"ये. बस जागेवर."

ती बसली नाही. माझ्या टेबलाशी आली आणि मुठीतली पावती टेबलावर सपाट करून ठेवली. शिक्का ओला होता, थोडा फिसकटलेला, पण तारीख नीट वाचता येत होती. सगळा वर्ग बघत होता. मी पावती हातात घेतली तेवढ्यात तिनं हजेरीपट स्वतःकडे ओढला, बोट फिरवत आपल्या नावापर्यंत आली, लाल पेन्सिल उचलली आणि वीस तारखेच्या रिकाम्या चौकोनात, हात जराही न हलू देता, एक नीटस फुली मारली.